दोन मिनिटांनी हात बदला

ज्याचे हृदय अचानक बंद पडले आहे अशा माणसाच्या छातीवर दाब कसा द्यावा, हे आता शाळा-कॉलेजांतून आणि कारखान्यांतूनही शिकवले जाते. तळहातावर तळहात ठेवायचा, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि मोठ्या माणसाची छाती प्रत्येक दाबाला ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. इतके बहुतेकांच्या लक्षात राहते. पुढचा नियम मात्र पुष्कळ जण विसरतात. मदतीला दुसरा माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी हात बदलायचे. कारण दाब देणारा एवढ्यातच थकू लागतो, त्याचे दाब उथळ पडू लागतात, आणि त्याला स्वतःला मात्र वाटत असते की आपले काम उत्तम चालले आहे. 'दमलास का?' असे विचारून उपयोग नसतो. तो नाहीच म्हणणार. म्हणून घड्याळ पाहून हात बदलायचे.

आम्हांला हा नियम वैद्यकशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही वाटतो. थकलेल्याला आपला थकवा कळत नाही, आणि त्याची किंमत मोजणारा असतो तिसराच कोणी, जो बोलू शकत नाही.

हा विषय घेण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामातील बरीच मुले-मुली आपत्कालीन वैद्यकीय सेवेकडे वळली आहेत. कोणी कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर आहे. कोणी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून जाते आणि उरलेल्या वेळात पुढच्या प्रवेश परीक्षेची पुस्तके उघडते. कोणी दिवसा पॅरामेडिकचा कोर्स करते आणि रात्री खाजगी रुग्णवाहिकेवर नोकरी. मध्यंतरी रविवारच्या मिस्सानंतर यांपैकी एका मुलीने आम्हांला विचारले, "फादर, माझी परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. वॉर्ड भरून वाहतो आहे. जास्तीची ड्युटी नाकारली तर ते पाप ठरेल का?"

प्रश्न साधा दिसतो, पण सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही तो घाम फोडेल.

आधी थोडे या क्षेत्राविषयी. ते तसे कोवळेच आहे. आपत्कालीन वैद्यक हा एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून आपल्या देशात २००९ साली मान्य झाला. महाराष्ट्रात १०८ ची मोफत सेवा ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली ती २०१४ साली. पॅरामेडिक मंडळींना देशपातळीवरच्या कायद्यात जागा मिळाली ती २०२१ मध्ये. म्हणजे सेवा आधी धावू लागली, शिकवण्याची घडी मागून बसते आहे, आणि या दोहोंमधली फट भरली जाते ती शिकणाऱ्यांच्या झोपेने.

आपल्या भागात तर या सेवेला उसंत नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि काही घरांतले दिवे विझले. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या ५०० खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले तेव्हा सारे ठाणे हादरले होते. त्याच्या कारणांचा निवाडा करणे हा आमचा प्रांत नव्हे. इतकेच ध्यानात घ्यावे की ते शिक्षण देणारे रुग्णालय आहे. महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय तेथेच आहे. आणि अशा कोणत्याही रुग्णालयात मध्यरात्री तुमच्या-आमच्या उशाशी जो उभा असतो, तो बहुधा अजून शिकत असतो.

काम करून शिकणाऱ्यांचा आपल्या महाराष्ट्राला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा आणि शिका' ही वाट गोरगरिबांच्या मुलांसाठी मोकळी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील गिरणीतून किंवा गोदीतून सुटून रात्रशाळेत गेले. तेव्हा आमच्या मुलीला कोणी म्हणाले, 'तुझ्या आजोबांनी केले, तू का नाही?' तर ते अगदी स्वाभाविक आहे.

फरक एवढाच की दमलेल्या कारकुनाचा हिशेब चुकला तर तो सकाळी खोडून पुन्हा मांडता येतो. दमलेल्या हाताने औषधाच्या मात्रेतले दशांशचिन्ह चुकले तर खोडरबर नसते. आजोबांनी स्वतःची झोप स्वतःच्या नावावर खर्च केली. कॅज्युअल्टीतली मुलगी झोप खर्च करते ती दुसऱ्याच्या नावावर.

शास्त्रज्ञांनी याचे मोजमापही केले आहे. सतत १७ ते १९ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. २४ तासांनंतर ती बरोबरी ०.१० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. घोडबंदर रोडवर पोलीस ज्याची गाडी अडवून ठेवतील त्याच्याहून वाईट अवस्थेतला तरुण आयसीयूमध्ये सुई टोचत असतो, आणि आपण कौतुकाने म्हणतो, "किती कष्टाळू पोरगा!"

कल्याणच्या रेल्वेवाल्यांना हे समजावून सांगायला नको. मोटरमनच्या ड्युटीचे तास ठरलेले असतात, विश्रांतीसाठी रनिंग रूम असते. तो झोपला की नाही हा त्याचा खाजगी मामला मानला जात नाही, कारण त्याच्या मागे बारा डबे असतात. निवासी डॉक्टरच्या मागेही डबे असतात, फक्त ते दिसत नाहीत.

मग डॉक्टरांच्याच बाबतीत ही रीत कोठून आली? 'निवासी' या शब्दातच तिचे मूळ आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे विल्यम हॉलस्टेड या शल्यचिकित्सकाने शिकाऊ डॉक्टरांसाठी वर्षानुवर्षांची कडक शिस्त घालून दिली: रुग्णालयातच राहायचे आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ द्यायची. हे हॉलस्टेड भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेले होते, ही गोष्ट पुष्कळ उशिरा सर्वांना कळली. ज्यांच्या उदाहरणावर परंपरा उभी राहते, त्यांचे उदाहरण तपासायला सहसा कोणी थांबत नाही. असो.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच वारली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर शिकाऊ होते, लांबलचक ड्युटीवर, एकाच वेळी कितीतरी रुग्ण सांभाळणारे. दोष कोणाचा यावर कोर्टात वर्षानुवर्षे वाद झाला. पण त्या राज्याने १९८९ पासून नियम केला की आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास यापुढे शिकाऊ डॉक्टरला राबवायचे नाही. आपल्याकडे तर केंद्र सरकारने १९९२ सालीच निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कागदावर आणली होती. त्यानंतर २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करून शिफारस केली: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी. ४८ वरून ७४! आणि ही शिफारस दिलासा म्हणून केलेली आहे, यावरून प्रत्यक्षाची कल्पना यावी.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जुने, अनुभवी डॉक्टर म्हणतात की आजार घड्याळ पाहून वाढत नाही. रुग्ण आला तेव्हापासून तो सावरेपर्यंत जो उशाशी बसतो तोच खरे शिकतो. हे खोटे नाही. ॲरिस्टॉटलनेही म्हटले आहे की काही गोष्टी करूनच शिकता येतात. वीणा वाजवल्याशिवाय कोणी वीणावादक होत नाही. शिवाय ड्युट्या लहान केल्या की रुग्ण अधिक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचे राहून जाते. २००४ साली अमेरिकेत आयसीयूतील शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला. त्यात लांब ड्युटीच्या जुन्या वेळापत्रकावर असताना गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. पण २०१६ साली शंभराहून अधिक रुग्णालयांत शल्यचिकित्सेच्या शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला, तेव्हा आठवड्याची मर्यादा कायम ठेवून रोजचे तास थोडे लवचीक ठेवल्याने रुग्णांचे अधिक नुकसान झालेले दिसले नाही. म्हणजे नुसते तास कापून भागत नाही. सोपवावे कसे, हेही शिकावे लागते.

येथे आम्हांला संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची आठवण होते. त्याच्यावर आम्ही कितीतरी उपदेश ऐकले आणि दिलेही, पण गोष्टीचा उत्तरार्ध आपण घाईने उरकतो. यरुशलेमहून यरीहोच्या वाटेवर त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघाला. उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले, याची काळजी घे म्हणून सांगितले, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द दिला. त्याने रुग्ण सोडला नाही, सोपवला. आजच्या भाषेत हे उत्तम 'हॅण्डओव्हर' झाले: कोणाकडे, काय करायचे, पैसे कोठून, मी परत केव्हा. प्रभू येशूने ज्याला शेजारधर्माचा नमुना म्हणून उभे केले, तो माणूस दुसऱ्या रात्री आपल्या वाटेवर होता. त्याला कोणी स्वार्थी म्हटलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या मुलीच्या मनात असे होते की एका पारड्यात रुग्ण आहेत आणि दुसऱ्या पारड्यात 'माझी' परीक्षा, म्हणजे माझा स्वार्थ. पारडी अशी मांडली की निकाल आधीच लागतो. कोणताही भला माणूस रुग्णाचेच पारडे उचलणार. आमच्या मते मांडणीच चुकली आहे. ती जो अभ्यास करणार आहे तो कोणासाठी? विषबाधेवरचे जे प्रकरण आज वाचायचे राहिले, ते पुढच्या पावसाळ्यात मुरबाडहून सर्पदंश होऊन येणाऱ्या शेतकऱ्याला लागणार आहे. तो शेतकरी आज वॉर्डात नाही. त्याचे नातेवाईक आज आरडाओरडा करीत नाहीत. म्हणून त्याची बाजू कोणी मांडत नाही. दोन्ही पारड्यांत रुग्णच आहेत, आजचा आणि उद्याचा. आणि तिची झोपही दोघांच्याच हिशेबात धरली पाहिजे, कारण तिच्यावाचून दोघांनाही नुसते शरीर मिळते, डॉक्टर मिळत नाही.

फ्रान्समधील तत्त्वचिंतक सिमोन वेल, ख्रिस्ताकडे ओढली गेलेली आणि तरीही चर्चच्या उंबरठ्यावर थांबलेली, हिने १९४२ साली शालेय अभ्यासावर एक छोटा निबंध लिहिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे: भूमितीच्या गणिताशी मूल झटते तेव्हा उत्तर येवो न येवो, त्याची लक्ष देण्याची शक्ती वाढते, आणि दुःखी माणसाला सर्वांत आधी हवे असते ते हेच, कोणीतरी पूर्ण लक्ष देऊन त्याला काय होते आहे हे विचारणे. अभ्यास आणि सेवा यांचे मूळ एकच. तिचे चरित्र ठाऊक असलेल्यांना याला जोडून आणखी एक गोष्ट आठवेल. १९३४-३५ मध्ये ही शिक्षिका स्वतःहून कारखान्यात कामगार म्हणून राहिली, आणि तेथे तिने अनुभवले की अति थकव्याने माणसाचा विचारच विझतो. विचार न करणे हाच दुःख टाळायचा सोपा उपाय वाटू लागतो. म्हणजे जे लक्ष अभ्यासाने कमवायचे, तेच लक्ष अतिश्रमाने गमवायचे. रात्रपाळी करून वर्गात बसलेल्या मुलाचे उघडे डोळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पुस्तकातून कळण्याची गरज नाही.

आणि आपली आनंदीबाई जोशी? ती तर कल्याणच्याच घराण्यातली. चौदाव्या वर्षी झालेले मूल उपचाराअभावी दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून ती वैद्यकाकडे वळली. १८८३ साली एकटी अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियात थंडीशी, परक्या अन्नाशी आणि आजाराशी झुंजत शिकली, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक ठरली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने ती गेली, बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. शाळाशाळांतून आपण तिच्या त्यागाचे गुणगान करतो. करावेच. पण कोल्हापूरच्या ज्या बाया तिची वाट पाहत राहिल्या असत्या त्यांच्या बाजूने पाहिले, तर त्यांना तिचा त्याग नको होता, ती हवी होती.

आम्ही त्या मुलीला सांगितले ते असे. ज्या रात्री मुंब्र्यासारखे काही घडेल त्या रात्री पुस्तक मिट आणि धाव. तीस तास उभी राहिलीस तरी आम्ही तुला अडवणार नाही. तो धर्म आहे. पण तुटवडा रोजचाच असेल, ड्युट्यांचा तक्ताच कोणीतरी वीरपणा दाखवील असे गृहीत धरून बनवला जात असेल, तर ती आणीबाणी नव्हे, ते स्वस्तात चालवलेले काम आहे. त्याला नकार देणे पाप नाही. मात्र नकार वेळेवर द्यावा, तोंडावर द्यावा, आपल्या जागी कोण येणार हे विचारून द्यावा. ऐनवेळी मोबाइल बंद ठेवून नव्हे. आणि नकार देऊन मिळवलेली रात्र अभ्यासाला किंवा झोपेला जावी. ती नुसती रील्स पाहण्यात गेली, तर उद्याच्या शेतकऱ्याचे नाव घ्यायचा तिला हक्क राहत नाही.

तिने मान हलवली. पण हे उत्तर सर्वांना लागू पडत नाही, हेही आम्ही जाणतो. जो मुलगा रात्री रुग्णवाहिकेवर जातो कारण त्याच्या पगारावर घरातली चार तोंडे आणि कोर्सची फी अवलंबून आहे, तो कशाला नकार देणार? त्याला 'काम आणि अभ्यास यांत समतोल राख' असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला 'नीट चावून खा' असे सांगणे. समतोल ही ज्याच्याकडे काही उरते त्याने करायची गोष्ट आहे. श्रमाचे मोल श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते, हा पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकाचा गाभा आहे, आणि विश्रांतीचा हक्कही त्यात आलेला आहे. आपल्यातील जे नर्सिंग होम चालवतात किंवा रुग्णवाहिका पुरवतात, त्यांनी त्या मुलाचा परीक्षेचा महिना आपल्या वेळापत्रकात धरला तर त्यांचे दिवाळे निघणार नाही.

आणि आपण घरातली माणसे? लेक रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येते, तेव्हा 'आलीसच आहेस तर भाजी चिरून घे' हे आपणच म्हणतो. मुलगा असेल तर त्याला झोपू देतो, हेही लक्षात घ्यावे. लग्नाच्या मांडवात दोन दिवस न झोपलेल्या डॉक्टरला कोपऱ्यात बोलावून ब्लडप्रेशर तपासून घेतो. 'आमचा पोरगा दोन-दोन दिवस झोपत नाही' हे मिस्सानंतर अंगणात अभिमानाने सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात दुःखावरचे उपाय सांगताना मित्र आणि सत्याचे चिंतन यांच्या पंगतीत झोप आणि स्नान यांनाही बसवले आहे. एवढा मोठा धर्मपंडित झोपेला लाजला नाही, तर आपण का लाजावे?

एका खोलीच्या घरात टीव्ही, शेजारचा गणपती आणि कुकरच्या शिट्या यांत ना अभ्यास होतो ना झोप. डोंबिवली-ठाण्यात अभ्यासिका पुष्कळ आहेत, पण त्यांचे शुल्क प्रत्येकाला परवडत नाही आणि जागाही लवकर भरतात. म्हणून धर्मग्राम समितीशी बोलून असे ठरवले आहे की सभागृहामागची धर्मशिक्षणाची खोली सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत अशा मुला-मुलींसाठी उघडी राहील. धर्म कोणता हे विचारले जाणार नाही. चार टेबले आहेत, दोन पंखे आहेत, किल्ली कार्यालयात मिळेल. दोन गाद्याही टाकल्या आहेत. रात्रपाळीहून आलेल्या कोणी पुस्तक न उघडता नुसती झोप काढली तरी हरकत नाही. घंटा वाजवणाऱ्याला तशी कल्पना दिली आहे.